बोर्डिंगातली कॉट

गेल्या रविवारी सकाळी चहाचा कप हातात घेऊन मोबाइल उघडला तर आमच्या बोर्डिंगच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एकशे सदतीस मेसेज! हा ग्रुप एरवी अगदी सुस्त. सुप्रभात, वाढदिवस, भावपूर्ण श्रद्धांजली, पुन्हा सुप्रभात. एवढी गर्दी म्हणजे नक्की कुणीतरी गेलं, असं वाटून घाबरतच वर स्क्रोल करत गेलो. गेलं कुणी नव्हतं. जाणार होती ती इमारत.

कोल्हापुरातली आमची बोर्डिंगची इमारत, म्हणजे दगडी जोतं, कौलारू छप्पर, पुढे लांबलचक व्हरांडा आणि मागे विहीर, ती पाडून सात मजली इमारत बांधायची आहे. खाली दुकानांचे गाळे, वर मुलांच्या खोल्या, प्रत्येक खोलीला अटॅच बाथरूम. विश्वस्तांनी पीडीएफ पाठवली होती. चित्रात इमारतीपुढे काही गोरीपान माणसं आणि एक परदेशी कुत्रा फिरताना दाखवला आहे, तो आर्किटेक्ट लोकांच्या सॉफ्टवेअरचा दोष. देणगीसाठी बँकेचे तपशील होते. आणि शेवटच्या पानावर ठराव क्रमांक नऊ होता. नव्या इमारतीत प्रवेश फक्त समाजातील विद्यार्थ्यांनाच देण्यात यावा.

एकशे सदतीसपैकी शंभरेक तर नुसते अंगठे होते.

आता गंमत अशी की मी त्या समाजाचा नाही. त्या बोर्डिंगमध्ये चार वर्षं राहिलो, जेवलो, तिथल्या विहिरीवर आंघोळ केली, तिथेच इंजिनिअर झालो. ग्रुपमध्येही आहे. पण ठराव नऊ तेव्हा असता तर मला गेटच्या आत घेतलं नसतं. (माझी जात कोणती हे इथे मुद्दाम लिहीत नाही. तुम्ही आता आडनावावरून अंदाज बांधायला लागला असाल, तर थोडं थांबा. त्यावर पुढे येणारच आहे.)

बाहेरच्यांसाठी आधी एक खुलासा. कोल्हापुरात 'हॉस्टेल' म्हणायची पद्धत नाही. 'बोर्डिंग' म्हणतात. दसरा चौकात उभं राहिलात तर आजूबाजूला बोर्डिंगच बोर्डिंग दिसतील. जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, पलीकडे आणखी कुणाचं. बाहेरगावचा माणूस पहिल्यांदा येतो तेव्हा त्याला हे जरा विचित्रच वाटतं. शाहू महाराजांचं गाव, समतेचं गाव म्हणायचं आणि मुलांची राहायची सोय मात्र जातवार? मलाही वाटलं होतं. २०१५ मध्ये वडिलांबरोबर ट्रंक घेऊन एसटीतून उतरलो तेव्हा आम्ही पहिल्यांदा 'आपल्या' बोर्डिंगमध्ये गेलो. जागा नव्हती. दुसरीकडे गेलो, नाही. कॉलेजच्या हॉस्टेलची फी ऐकून वडिलांनी नुसती मान हलवली आणि बाहेर येऊन टपरीवर चहा घेतला. चौथ्या की पाचव्या ठिकाणी एका रेक्टरांनी मार्कशीट बघितली, वडिलांच्या पायांतल्या चपला बघितल्या आणि म्हणाले, "एक कॉट हाय. खिडकीजवळची. पावसाळ्यात गळतंय जरा." तिथे मी चार वर्षं राहिलो. गळतंय जरा म्हणजे काय ते जूनमध्येच कळलं. :)

खोली नंबर चौदा. तीन कॉटा, तीन ट्रंका, एक टेबल आणि त्या टेबलावरून कायमची भांडणं. जेवणाच्या मावशी पहाटे पाचला भाकऱ्या थापायला बसायच्या, तो थप थप आवाज हाच आमचा गजर. रविवारी संध्याकाळी मेस बंद, मग सगळी वरात मिसळ नाहीतर भेळ खायला, खिशाप्रमाणे. खोलीतला पार्टनर शाहूवाडीकडचा, सायन्सला. त्याचंही नाव 'इतर'मध्येच. तो मला "भावा" म्हणायचा आणि मीही त्याला. चार वर्षांत आम्ही एकमेकांना नावानं किती वेळा हाक मारली ते बोटांवर मोजता येईल. एम-थ्रीचा पेपर मी पहिल्यांदा उडवला तेव्हा रात्री दीड वाजता रंकाळ्यावर नेऊन त्यानं मला चहा पाजला होता. सेकंड इयरला त्याच्या घरून पैसे यायचे थांबले. तेव्हा मेसचं बिल मी दोन महिने भरलं आणि नंतरचे चार महिने त्याच रेक्टरांनी 'विसरून' टाकलं. असो. बोर्डिंगच्या आठवणी सगळ्यांच्या सारख्याच असतात आणि दुसऱ्याला ऐकायला कंटाळवाण्या. मुद्द्याकडे येतो.

जातवार बोर्डिंगं का? याचं उत्तर मला कोल्हापुरात राहूनही बरीच वर्षं माहीत नव्हतं. मला वाटायचं, तेव्हाची माणसं तशीच होती, दुसरं काय. पण गोष्ट तशी नाही. शाहू महाराजांनी आधी सर्वांसाठी एकच वसतिगृह करून बघितलं होतं. १८९६ मध्ये, राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी. नियमाप्रमाणे कुठल्याही जातीच्या मुलाला प्रवेश. आणि झालं काय, तर काही वर्षांत तिथे फक्त ब्राह्मण विद्यार्थी उरले. दार उघडं होतं, पाटी बरोबर होती, पण आत येणारा एकाच प्रकारचा.

यात नवल काही नाही. महाराज गादीवर आले ते १८९४ मध्ये. तेव्हा संस्थानच्या कारभारातल्या वरच्या ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण होते, आणि कारकुनांच्या ५०० जागांपैकी ब्राह्मणेतर फक्त १०. म्हणजे जे शिकत होते तेच शिकत राहिले होते. खेड्यातल्या मुलानं शहरात येऊन शिकायचं तर पहिला प्रश्न फीचा नव्हताच. पहिला प्रश्न होता, जेवायचं कुठे? गरीब ब्राह्मण मुलाला निदान वार लावून जेवायची सोय होती. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी, असे सात वार सात घरी. अपमान गिळून का होईना, पोट भरायचं आणि मुलगा शिकायचा. कुणब्याच्या, धनगराच्या, मुसलमानाच्या, चांभाराच्या मुलाला शहरात असे सात घरचे वार कोण देणार? आणि एका छपराखाली सगळ्यांना आणलं तरी स्वयंपाक कुणी करायचा, पंगतीत शेजारी कोण, पाण्याच्या पिंपाला हात कोण लावणार? १९०० च्या आसपास या प्रश्नांवर एकत्र वसतिगृह दोन दिवसांत रिकामं झालं असतं. म्हणजे, झालंच होतं म्हणा की.

मग महाराजांनी बाजू बदलली. माझ्यातला इंजिनिअर म्हणतो, एक आर्किटेक्चर चाललं नाही म्हणून दुसरं घेतलं. १८ एप्रिल १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं. त्याच वर्षी जैन बोर्डिंग. १९०६ मध्ये मुसलमान मुलांसाठी, आणि त्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष खुद्द महाराज. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. हे नाव मुंबईच्या तेव्हाच्या गव्हर्नरांच्या मुलीचं. शिवाय लिंगायत, दैवज्ञ, शिंपी, सारस्वत, ख्रिश्चन, सुतार, नाभिक असं करत करत वीसच्या वर वसतिगृहं उभी राहिली. पद्धत साधारण एकच. दरबारानं जागा द्यायची, थोडीफार रक्कम द्यायची, आणि बाकीचं त्या त्या समाजातल्या पैसेवाल्यांना उभं करायला लावायचं. आपल्या भाषेत सीड फंडिंग. माणूस देशासाठी, मानवतेसाठी खिशात हात घालत नाही, पण 'आपल्या पोरांसाठी' म्हटलं की घालतो. महाराजांनी हे बरोबर ओळखलं होतं. पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम २६ जुलै १९०२ चा, महाराज तेव्हा इंग्लंडमध्ये होते. पण नोकरीत राखीव जागा ठेवायच्या तर त्या भरायला शिकलेली पोरं लागतात, आणि पोरं शिकायला आधी कॉट आणि भाकरी लागते. माझ्या मते तो हुकूम आणि ही बोर्डिंगं एकमेकांपासून वेगळी काढताच येत नाहीत. आपण हुकुमाची जयंती करतो आणि भाकरीची गोष्ट विसरतो.

आणि जात जेवणात बसलेली आहे, हे या माणसाला पक्कं ठाऊक होतं. गंगाराम कांबळे यांना हॉटेल घालायला लावून महाराज स्वतः तिथे जाऊन चहा प्यायचे, ही गोष्ट कोल्हापुरात रिक्षावालाही सांगतो. एकीकडे असा माणूस, आणि तोच जातवार वसतिगृहं काढतो. यात विसंगती आहे का? मला आता वाटत नाही. भिंती कायम राहाव्यात म्हणून त्या घातल्याच नव्हत्या. पोरगं आधी शहरात टिकलं पाहिजे म्हणून घातल्या होत्या.

पण भिंती एकदा घातल्या की त्या आपला उद्योग सुरू करतात. याची कोल्हापुरातलीच एक गोष्ट आहे.

कुंभोजचा एक मुलगा त्याच काळात जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकत होता. अंगानं धिप्पाड, अभ्यासात बेताचा, नियमांशी कायमचं वाकडं. मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला हा गेला. परत आल्यावर सांगण्यात आलं, आंघोळ कर आणि मग आत ये. हा म्हणाला, करत नाही. त्याला बोर्डिंगमधून काढलं. सोवळ्याचे नियम याआधीही त्यानं मोडले होतेच. मग शाहू महाराजांनी त्याला राजवाड्यावर राहायला जागा दिली. हा मुलगा म्हणजे भाऊराव पाटील, पुढचे कर्मवीर. त्यांच्या चरित्रात हा प्रसंग हमखास येतो आणि आपण 'बाणेदारपणा' या सदराखाली वाचून पुढे जातो. पण त्याचा पुढचा भाग बघा. १९१९ मध्ये याच माणसानं काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींच्या मुलांसाठी एकच. स्वयंपाक मुलांनी करायचा, पंगत एक. १९२७ मध्ये गांधीजी तिथे येऊन गेले. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी, भाऊरावांच्या पत्नीनं, एकेक दागिना मोडला आणि शेवटी मंगळसूत्रही. १९३० मध्ये त्या गेल्या.

आणि त्या सर्व जातींच्या वसतिगृहाला भाऊरावांनी नाव कुणाचं दिलं? छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस.

मी हे पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो होतो. जातवार बोर्डिंगं काढणाऱ्या राजाचं नाव, त्यातल्याच एका बोर्डिंगातून हाकललेल्या मुलानं, जात न मानणाऱ्या बोर्डिंगाला दिलं. भाऊरावांना शाहू महाराज आपल्यापेक्षा जास्त कळले होते. पहिलं पाऊल कुणाचं आणि दुसरं कुणाचं, याचा हिशेब त्यांच्या डोक्यात स्पष्ट होता. १९०१ मध्ये जे जमत नव्हतं ते १९२४ मध्ये जमलं, याला मधली तेवीस वर्षंही कारण आहेत.

आता माझ्या उद्योगाबद्दल. २०१७ मध्ये रेक्टरांनी मला बोलावलं. "तू कॉम्प्युटरवाला न्हवं? मग ही रजिस्टरं तेवढी घाल की त्यात." लाकडी पेटीत लाल कापडी पुठ्ठ्यांची रजिस्टरं होती, वाळवीनं कडा कुरतडलेल्या. दिवाळीची सुट्टी मी त्यातच घालवली. नाव, गाव, तालुका, इयत्ता, बापाचा धंदा, जात. आणि शेवटचा रकाना, मुलानं बरोबर आणलेलं सामान. ताट १, तांब्या १, वळकटी १, कंदील १. धंद्याच्या रकान्यात पानंच्या पानं शेती, शेती, शेती, मधेच एखादा हमाल. जातीच्या रकान्यात सुरुवातीची सगळी पानं एकच शब्द आणि त्याखाली नुसत्या दोन रेघा, वरच्याप्रमाणे, वरच्याप्रमाणे. मग बऱ्याच वर्षांनंतर एका पानावर त्या रेघा थांबतात आणि वेगळ्या शाईत पहिला 'इतर' येतो. त्या मुलाचं सामान होतं ताट १, वळकटी १. तांब्या नव्हता. कुणाच्या तांब्यानं पाणी प्यायला असेल? मला अजून कधीकधी तो रकाना आठवतो.

हे सगळं टंकून झाल्यावर मी एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला, नव्या प्रवेशांसाठी. फॉर्म छान दिसत होता. त्यात 'समाज' हे फील्ड ठेवलं, विश्वस्तांना हवं होतं म्हणून. खाली दोनच पर्याय, समाज आणि इतर. आणि ते कंपल्सरी केलं, लाल फुली मारून. भरल्याशिवाय फॉर्म पुढे जाईना. कुणी सांगितलं नव्हतं हो तसं. फील्ड रिकामं राहिलं की रिपोर्ट बिघडतो, एवढाच माझा विचार. मी स्वतः 'इतर', माझा पार्टनर 'इतर', आणि लाल फुली मारणाराही मीच. विश्वस्तांच्या पीडीएफमध्ये 'गेल्या दहा वर्षांतील प्रवेशांची समाजनिहाय आकडेवारी' असा तक्ता आहे. तो माझ्याच रिपोर्टमधून निघाला आहे. फॉन्टसुद्धा माझाच.

बरं, यावर तुम्ही म्हणाल, कोल्हापूरचं सोडा, आपण शहरातली शिकलेली माणसं असलं काही करत नाही. थांबा.

२०२२ मध्ये आमच्या पुण्याच्या फ्लॅटमधला एक जण बंगलोरला गेला आणि एक बेड रिकामा झाला. नेमकी तेव्हाच माझ्या पार्टनरला पुण्यात नोकरी लागली. मी खूश. मालकांना फोन केला. गृहस्थ अगदी सज्जन, दिवाळीला फराळ पाठवणारे. म्हणाले, हो हो, तुमचा मित्र म्हणजे चांगलाच असणार. कुठला? काय करतो? आडनाव काय म्हणालात? मी आडनाव सांगितलं. फोनवर तीन सेकंद शांतता. मग, "नाही, काय आहे ना, आपली सोसायटी व्हेज आहे, तुम्हाला माहीतच आहे." आम्ही तिघं दर रविवारी खिडक्या लावून अंडाभुर्जी करायचो आणि मालकांना ते पक्कं माहीत होतं. टरफलांवरून एकदा हसत टोमणाही मारला होता त्यांनी. मी त्यांना तेव्हा हे म्हणू शकलो असतो. मी म्हणालो, "ठीक आहे काका."

आणि पार्टनरला फोन करून सांगितलं, "रूम भरली रे."

तो म्हणाला, "बरं भावा." एवढंच. त्यानं विचारलं नाही की काल तर रिकामी होती. त्याला कळलं होतं. असे फोन त्याला माझ्या आधी बरेच आले असणार. ऑफिसपासून दीड तासावर एका पीजीमध्ये त्यानं वर्ष काढलं, चौघांत एक खोली. मी त्या फ्लॅटमध्ये आणखी आठ महिने राहिलो. ज्या बोर्डिंगच्या दारावर जातीची पाटी आहे त्यानं आम्हा दोघांना आत घेतलं होतं. ज्या सोसायटीच्या दारावर कसलीच पाटी नाही तिथे त्याला तीन सेकंदांत बाहेर काढलं, आणि काढणाऱ्यांत मीही होतो. १८९६ च्या त्या वसतिगृहासारखंच की हे. दार सर्वांना उघडं आणि आत एकाच प्रकारची माणसं.

म्हणून जुनी इमारत पाडण्याबद्दल मला खरं तर फारसं काही म्हणायचं नाही. ग्रुपवर काहींनी लगेच 'वारसा', 'हेरिटेज' वगैरे सुरू केलं. त्यातले निम्मे आज अमेरिकेत आहेत आणि त्यांनी त्या संडासाच्या रांगेत गेली वीस वर्षं उभं राहून पाहिलेलं नाही. छप्पर गळतं, वासे कुजलेत, अठ्ठेचाळीस मुलांना चार संडास आहेत. पाडा. व्हरांडा मला आवडायचा, त्याचा फोटो आहे माझ्याकडे, पुरे. गाळ्यांच्या भाड्यातून मेसचा खर्च निघणार असेल तर गाळेही काढा. (अटॅच बाथरूमबद्दल मात्र शंका आहे. माझ्या निम्म्या ओळखी विहिरीवरच्या आंघोळीत झाल्या. पण हे गरम पाण्यानं आंघोळ करणाऱ्यानं म्हणू नये, म्हणून कंसात.)

माझं भांडण ठराव नऊशी आहे. ग्रुपवर त्याच्या बाजूनं जे लिहिलं गेलं ते सगळंच मूर्खपणाचं नाही, हेही सांगतो. एका काकांनी लिहिलं की आमच्या आजोबांनी बैल विकून या इमारतीला देणगी दिली, ती आमच्या पोरांसाठी दिली, तुम्हाला दिली नाही. खरं आहे. व्हरांड्यातल्या संगमरवरी पाटीवर त्यांच्या आजोबांचं नाव मी चार वर्षं रोज बघितलंय. दुसऱ्या एकानं विचारलं, बाकीच्या बोर्डिंगांत आमच्या पोरांना घेतात का? हा प्रश्नही चुकीचा नाही. गावाकडे शेतीतून काही उरत नाही, पुण्यात एका कॉटला महिना सात-आठ हजार पडतात, प्रत्येक समाजाला आपलं पोरगं बुडतंय असं वाटतंय आणि ते बुडतंच आहे. अशा वेळी माणूस आपला तेवढा ओंडका घट्ट धरतो.

पण त्याच पाटीवर सगळ्यात वर, आजोबांच्याही वर, जागेसाठी कोल्हापूर दरबारचं नाव आहे. दरबारचा पैसा कुठून आला? शेतसाऱ्यातून. तो सारा माझ्या खापरपणजोबांनीही भरला असणार आणि पार्टनरच्याही. बोर्डिंगची भिंत काकांच्या आजोबांची आहे, मान्य. खालची जमीन सगळ्या रयतेची आहे. काकांना मी हे लिहिलं. त्यांनी वाचलं, दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

दुसरी गोष्ट लिहिली ती अशी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला पूर आला तेव्हा याच इमारतीत पूरग्रस्त येऊन राहिले होते. मी पास होऊन गेलो होतो, पार्टनर तिथेच होता. त्यानं तेव्हा पाठवलेला फोटो मी ग्रुपवर टाकला. व्हरांड्यात ओळीनं पंगत बसलीये, म्हाताऱ्या, पोरं, एक बाई तान्ह्याला मांडीवर घेऊन जेवतेय, आणि आमच्या मावशी वाढतायत. त्या आठ-दहा दिवसांत रजिस्टर कुणी भरलं नाही. माझा प्रोग्रॅम बंदच होता, वीज नव्हती. एवढंच लिहिलं आणि विचारलं, यातले आपले कोण ते ओळखून दाखवा.

त्यावर सात अंगठे आले. सातच. एकानं हात जोडलेले टाकले, त्याचा अर्थ काय घ्यायचा ते कळलं नाही. एकानं मला खाजगीत विचारलं की तू नक्की कुठल्या राजकीय पक्षात आहेस.

माझी सूचना लहानशी आहे आणि ती मी विश्वस्तांना मेल केली आहे. निम्म्या कॉटा समाजाच्या ठेवा, खुशाल ठेवा, तुमच्या आजोबांचं ऋण आहे. उरलेल्या निम्म्या ज्याला कॉट नाही त्याच्या. त्याची जात विचारू नका, बापाचा धंदा विचारा, तो रकाना जुन्या रजिस्टरात होताच. मेस एकच. आणि प्रोग्रॅममधली ती लाल फुली मी फुकट काढून देतो, अर्ध्या तासाचं काम आहे. माझी देणगी पंचवीस हजार ठरवली आहे, पण ठराव नऊ जसाच्या तसा झाला तर देणार नाही, हेही लिहिलं. याला कुणी ब्लॅकमेल म्हणालं तर म्हणू दे, पंचवीस हजारांत सात मजली इमारत अडत नाही.

येत्या रविवारी सकाळी दहाला बोर्डिंगच्या हॉलमध्ये सभा आहे. शनिवारी रात्री स्वारगेटहून जायचं ठरवलंय. पार्टनरला काल फोन केला. फ्लॅटचा तो विषय आम्ही इतक्या वर्षांत कधी काढला नव्हता, काल मी काढला. त्यानं ऐकून घेतलं, मग विचारलं, "अंडी तरी नीट करायचा काय रं तुम्ही?" सभेला येतोस का म्हटलं तर म्हणाला, बोलणार नाही, मागे बसेन, आणि मिसळ तुझ्याकडून. मी दोन तिकिटं काढली आहेत.